मोजून टाकलेली भेसळ

सोमवारचा पहिला तास संपवून मी स्टाफरूमकडे येत होतो, तर ऑफिसातल्या क्लार्कनं जिन्यातच गाठलं. सांगलीहून फोन आहे म्हणाला, आणि माझ्या हातातली पुस्तकं त्यानं स्वतःकडे घेतली. फोनवर सांगलीच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख होते. "पवार सर, आपले बनसोडे गेले." शनिवारी रात्री झोपेतच गेले असावेत, असं डॉक्टरांचं म्हणणं. रविवारभर कुणाला पत्ता नव्हता. सोमवारी सकाळी घरमालकीण अक्कांनी पाहिलं, की कालचा पेपर दाराच्या कडीत तसाच आहे आणि आजचा त्यावर येऊन बसलाय. मग त्यांनी दार वाजवलं. एक अख्खा रविवार माझा मित्र त्या खोलीत तसाच पडून होता. बाहेर रिक्षा जात होत्या, शेजारी कुणाकडे क्रिकेटची मॅच लागली असणार, आणि इकडे साताऱ्यात मी पाहुण्यांना अजून एक पोळी घ्या म्हणून आग्रह करत होतो. त्याला आता महिना होऊन गेला. तो रविवार काही डोक्यातून जात नाही.

मधुकर बनसोडे हे नाव वाचकांपैकी कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. तो भौतिकशास्त्राचा अधिव्याख्याता होता आणि शेवटपर्यंत अधिव्याख्याताच राहिला. वय पंचेचाळिशीच्या आत-बाहेर. मूळचा कोरेगाव तालुक्यातला, रहिमतपूरच्या अलीकडच्या एका लहान गावचा. त्याच्या आज्ज्यानं छप्पन साली धम्म स्वीकारला, बापानं गवंड्याच्या हाताखाली काम करून पोराला शिकवलं, आणि त्यांच्या वस्तीतला एम.एस्सी. झालेला हा पहिला माणूस. मी खंडाळ्याकडच्या शेतकरी घरातला. थोरला भाऊ फौजेत, धाकटा उसात, आणि मधला मी मराठी शिकवणारा. नव्वद साली माझी सांगलीला बदली झाली तेव्हा आमची ओळख झाली, ती खोली शोधताना. मला तीन-चार ठिकाणी खोली मिळत होती. त्याला मात्र आडनाव सांगितलं की खोली "कालच गेली" असायची. अखेर विश्रामबागेकडे अक्कांच्या घरी शेजारशेजारच्या दोन खोल्या रिकाम्या असल्याचं कळलं. अक्का जैन, माहेर कर्नाटकातलं. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. एवढंच बजावलं, "माझ्या वाड्यात कांदा-लसूण चालणार न्हाई बघा."

आणि नेमका हाच माणूस लसणाच्या वासाचा निघाला. त्याच्या श्वासाला, कपड्यांना, घामाला लसणाचा उग्र दर्प यायचा. कॉलेजात पोरं मागून हसायची. पॅसेंजरमध्ये शेजारचा माणूस हळूच सरकून बसायचा. खरं म्हणजे मधूला लसूण अजिबात आवडत नसे. तो टेल्युरियम नावाच्या एका मूलद्रव्यावर काम करत होता, आणि त्याची धूळ अंगात गेली, अगदी कणभर जरी गेली, तरी माणसाला दिवसचे दिवस लसणाचा वास येतो. हे अक्कांना समजावताना मी स्वतः तिथं उभा होतो.

"खाऊन आलासा न्हवं?"

"न्हाई अक्का, प्रयोगशाळेतलं हाय. टेल्युरियम."

"ते काय बी असू दे. चूळ भरून मगच पायरी चढा."

तो निमूटपणे नळावर जाऊन चूळ भरायचा. वर्षानुवर्षं भरत राहिला.

त्याचं काम मला त्यानं पहिल्याच पावसाळ्यात समजावलं होतं. असे काही पदार्थ असतात, की त्यांचं एक टोक तापवलं आणि दुसरं थंड ठेवलं, तर त्यातून आपोआप वीज वाहते. यंत्र नाही, चाक नाही, आवाज नाही. आपल्याकडे गुऱ्हाळाच्या चुलवाणातून, कारखान्यांच्या धुराड्यातून किती उष्णता नुसती आभाळात जाते! ती अशा पदार्थानं पकडता आली तर...? पण अडचण अशी, की या पदार्थानं वीज सुखानं जाऊ द्यायला हवी आणि उष्णता मात्र अडवायला हवी. उष्णता पलीकडे पोचली की दोन्ही टोकं सारखीच तापतात आणि खेळ संपतो. निसर्गात सहसा असं होत नाही. जे विजेला वाट देतं ते उष्णतेलाही देतं. म्हणून मग बिस्मथ, टेल्युरियम, थोडं सेलेनियम असं एकत्र वितळवायचं आणि त्यात एखादं परकं द्रव्य कणभर मिसळायचं. त्याला शास्त्रज्ञ डोपिंग म्हणतात. मधू त्याला भेसळ म्हणायचा.

"आधी ह्या वस्तू सोन्यापेक्षा शुद्ध करून घ्यायच्या," तो म्हणाला, "आन मग त्यात मोजून घाण टाकायची. जादा झाली तरी वाया, कमी झाली तरी वाया."

"मग शुद्धच ठेवलं तर?"

"शुद्ध काय कामाचं नसतंय, पवार." तो हसला. "आमच्या आज्ज्याच्या टायमाला हे गावात कुणीतरी सांगायला पायजे होतं."

भट्टी त्यानं कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून करून घेतली होती. बाहेरून पत्र्याचं पिंप, आत विटा आणि तापतारेचं वेटोळं. नमुना करायचा म्हणजे सगळे तुकडे क्वार्ट्झच्या, म्हणजे भट्टीतही न वितळणाऱ्या काचेच्या, बोटभर नळीत भरायचे, एस.टी.नं कोल्हापूरला विद्यापीठात जायचं, तिथं नळीतली हवा काढून तोंड वितळवून बंद करून घ्यायचं, आणि ती नळी लेकरासारखी छातीशी धरून परत यायचं. मग ती भट्टीत. मध्येच वीज गेली की सगळं मुसळ केरात. तसं झालं की तो रागवायचा नाही. खुर्चीत बसून राहायचा नुसता. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नसायचं, कारण त्या कॉलेजात संशोधन करणारा तो एकटाच. बाकीच्यांना ते एक खूळ वाटायचं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी जाऊन बसत असे. तेवढीच त्याला सोबत.

त्याची बायको शालन रहिमतपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. दोघांच्या नोकऱ्या दोन गावांत. तिच्या बदलीचा अर्ज कायम कुठल्यातरी टेबलावर असायचा. मूलबाळ नव्हतं. दर शनिवारी दुपारचं कॉलेज उरकून तो पॅसेंजरनं रहिमतपूरला जायचा आणि सोमवारी पहाटे परतायचा. क्वचित ती सांगलीला यायची. आली की आमच्या दोन्ही खोल्यांत जाग यायची. ती मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी बाई. आल्या आल्या दारातूनच म्हणायची, "आवं, काय हा वास! रात्री उशाला घेऊन झोपता काय ते तुमचं टेल्युरियम?"

अशाच एका रविवारी ती आलेली असताना मधूनं नळीची मान तोडायला म्हणून कानस मारली आणि काच बोटात घुसली. रक्त थांबेना. शालननं पिशवीतली तिची पत्र्याची पेटी काढली, त्याचा हात मांडीवर घेतला आणि टिंक्चर आयोडीनचा बोळा बोटावर दाबला. हा ओरडला. ती म्हणाली, "गप बसा. दवाखान्यात ल्हान पोरं बी एवढं वरडत न्हाईत." दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला नळी बंद करण्याची वेळ ठरलेली होती, म्हणून त्याच तपकिरी बोटानं त्यानं संध्याकाळी नमुना भरला. शालन प्रयोगशाळेत स्टुलावर बसून मला दवाखान्यातल्या गमती सांगत होती, आणि हा अधूनमधून "हळू बोल, वजन करतोय" म्हणत होता.

त्या नळीतून जो नमुना निघाला, त्यानं मधूचं आयुष्य बदललं. चांगल्या अर्थानं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानं नेहमीप्रमाणे एक टोक तापवलं, तारा जोडल्या, मीटर पाहिला, आणि मग तारा काढून पुन्हा जोडल्या. मीटर बदलला. मला हाका मारत वर्गाच्या दारात आला, माझा तास चालू असताना. इतका चांगला नमुना त्याच्या हातून कधी झाला नव्हता. तो ज्या वाटेनं निघाला होता, तांबं किंवा चांदी कणाकणानं मिसळून बघायची, त्या वाटेनं असा आकडा यायलाच नको होता. त्या संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर भेळ खाल्ली. परतताना त्यानं एस.टी.डी.च्या बूथवरून रहिमतपूरला दवाखान्यात फोन लावला आणि शालनला काय सांगितलं असेल ते असो, पण बाहेर आला तेव्हा एकटाच हसत होता.

दुसरा नमुना मात्र तसा आला नाही. तिसराही नाही. तीच वजनं, तीच भट्टी, तेच तापमान, आणि निकाल रोजचा, साधा. म्हणजे त्या एका नळीत काहीतरी चुकून मिसळलं होतं... काय? त्यानं त्या नमुन्याचा तुकडा तपासणीला मुंबईला पाठवला. कुठलाही परका धातू नाही, असा निरोप आला. त्यानं भट्टीच्या विटा बदलल्या. पाणी बदललं. नव्या बाटल्यांतलं द्रव्य वापरलं, मग पुन्हा जुन्या बाटल्यांतलं. शालन फोनवर विचारायची, "झालं का वं?" आणि हा म्हणायचा, "होईल."

त्याचे पीएच.डी.चे मार्गदर्शक विद्यापीठातले नावाजलेले प्राध्यापक होते. त्यांच्याकडे जाताना एकदा मी बरोबर होतो. त्यांचंही बोलणं व्यवहाराला धरून होतं. ते म्हणाले, "एक नमुना मिळालाय ना? मोजमाप खरं आहे ना? मग लिहा, आणि प्रबंध संपवा. कारणं पुढचे लोक शोधतील." मधू म्हणाला, "सर, मला ते पुन्हा करता येत नाही." ते म्हणाले, "कोण येतंय बघायला?" मधू खाली बघत राहिला आणि म्हणाला, "जमणार नाही सर."

परतीच्या एस.टी.त मी त्याच्यावर चिडलो होतो. प्रबंध झाला तर बढती, बढती झाली तर कदाचित शालनच्या बदलीलाही वजन. हे सगळं मी त्याला मोठ्यानं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "गड्या, तुझं लिवलेलं चुकलं तर लोक म्हणतील, पवार चुकला. माझं चुकलं तर तसं म्हणतील व्हय? म्हणतील, ह्यांचं असंच असतंय, सवलतीवर आलेले. मग माझ्या मागनं जे कोण येतील, त्यांच्या प्रत्येक आकड्यावर लोक बोट ठेवतील. मी मागं ऱ्हायलो तर चालंल."

जयसिंगपूर मागं पडलं, सांगली आली, आम्ही उतरलो.

नंतर मार्गदर्शकांशी त्याचा संबंध तुटत गेला. नोंदणीची मुदत संपली. त्याच्या मागून आलेले लोक बढती घेऊन रीडर झाले. तो तास घ्यायचा, पोरांना मन लावून शिकवायचा आणि दुपारनंतर प्रयोगशाळेत जायचा. त्यात शालनला कावीळ झाली. साधी वाटली होती. रोज दुसऱ्यांना औषधं देणारी बाई, स्वतःकडे बघायला तिला वेळ कुठला? उन्हाळ्याच्या तोंडाला ती गेली. मधूनं रहिमतपूरचं क्वार्टर रिकामं करून तिची एक ट्रंक तेवढी सांगलीला आणली आणि कॉटखाली सरकवली. शनिवार आला की दुपारी तो पिशवी घेऊन निघायचा. पहिल्यांदा मला वाटलं, गावाकडे आईबापाकडे जातोय. पण तेही तोवर राहिले नव्हते. अक्कांनी मला सांगितलं, "टेसनावर जात्यात, च्या पित्यात, गाडी गेली की माघारी येत्यात." मी त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही. एकदा नुसता सोबत गेलो. पॅसेंजर आली, थांबली, गेली. तो म्हणाला, "चल." आम्ही चालत घरी आलो.

त्यानंतर माझी साताऱ्याला बदली झाली. पत्रं लिहिणं त्याला जमायचं नाही. फोन महिन्या-दोन महिन्यांनी. मी नसताना त्याच्या शेजारच्या खोलीत दोन-तीन भाडेकरू आले नि गेले, आणि तो त्यातल्या कुणाचं नावसुद्धा सांगू शकला नसता. मग एका दिवाळीच्या सुट्टीनंतर, रविवारी सकाळी, न कळवता तो साताऱ्याला माझ्या दारात उभा. दाढी वाढलेली, आणि डोळे मात्र त्या भेळेच्या संध्याकाळसारखे.

"सापडलं," तो म्हणाला.

माझ्या बायकोनं पोहे केले. ते निवून गेले तरी तो बोलतच होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत काच फोडताना त्याचं बोट पुन्हा कापलं. खोलीत दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं शालनची ट्रंक इतक्या दिवसांनी पहिल्यांदा उघडली. आत तिची पत्र्याची पेटी होती. टिंक्चर आयोडीन बाटलीच्या तळाशी थोडं उरलं होतं. बोळ्यानं बोटाला लावलं, बोट तपकिरी झालं, आणि तो तसाच फरशीवर बसला. त्या रविवारी त्याच बोटानं त्यानं नळी भरली होती. आयोडीन त्या तुकड्यांना लागून आत गेलं होतं. मुंबईच्या तपासणीत धातू दिसतात, आयोडीन दिसत नाही. म्हणून निरोप आला होता, काही नाही. मग त्यानं शुद्ध आयोडीन मागवलं, वेगवेगळ्या वजनानं नमुने केले. आणि एका वजनाला तो आला. तसाच. पुन्हा केला, पुन्हा आला.

"अरे, मग आता तरी छाप!"

तो हसला. "काय छापू? आयोडीन चालतंय हे आपण शाळेत होतो तवापासनं जगाला म्हाईत हाय. पुस्तकात हाय. दुसऱ्यांनी करून ठेवलेलं म्हणून तर मी त्या वाटंला गेलो न्हवतो."

एवढी वर्षं, आणि शेवटी जगाला ठाऊक असलेली गोष्ट! पण त्याच्या चेहऱ्यावर कुठंही फसल्याची खूण नव्हती. "मी खोटं लिवलं न्हाई, एवढं झालं," तो म्हणाला. मग पोह्यांची बशी पुढं ओढली, एक घास घेतला आणि तसाच थांबला. "सगळी भट्टी उकलून बघितली रं मी. विटा काढल्या. आन हिनं बोट धरलं हुतं, ते तेवढं आठवलं न्हाई..." माझी बायको उठून आत गेली. तो म्हणाला, "तिला सांगायला पायजे होतं. लय हसली असती."

साताऱ्याला यायच्या आधी तो निवृत्त झालेल्या मार्गदर्शकांच्या घरीही जाऊन आला होता. सगळं सांगितलं. त्यांनी प्रेमानं बसवून घेतलं, चहा दिला, आणि विचारलं, "कुठला नमुना म्हणता?" त्यांना आठवतच नव्हता. मधूनं हे मला अगदी सहज सांगितलं, पण सांगताना टेबलावर सांडलेला एकेक पोहा उचलून तो बशीत ठेवत होता.

त्यानंतर तो नव्यानं कामाला लागला. आयोडीनबरोबर आणखी काहीतरी घेऊन बघतोय, उष्णता अजून अडते का ते पाहतोय, असं फोनवर म्हणायचा. काय ते मला समजलं नसतं, म्हणून मी विचारलं नाही.

त्या सोमवारी मी सांगलीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गावाकडची माणसं आली होती. शालनचा भाऊ सगळं बघत होता. त्रिशरण-पंचशील झालं. अक्का पदर तोंडाला लावून पायरीवर बसल्या होत्या. स्मशानातून बाहेर पडल्यावर मला खोलीकडे जाववेना, म्हणून मी कॉलेजात गेलो. सुट्टी दिलेली, सगळीकडे शुकशुकाट. प्रयोगशाळेच्या दारात शिपाई शिंदेमामा उभे होते, आणि त्यांच्या मागं, आत, भट्टीचा लाल दिवा लागलेला होता.

"सर, शनवारी साहेबांनी लावून ठेवलीया," मामा म्हणाले. "म्हणलं हुतं, मी येईस्तोवर हात लावू नगा. आता कवा बंद करायची?"

मला माहीत नव्हतं. नळी किती दिवस तापत ठेवायची असते, किती सावकाश निववायची असते, हे सांगणारा एकच माणूस होता. मी विभागप्रमुखांना फोन केला, तर तेही म्हणाले, "काय सांगणार? त्यांचं त्यांनाच ठाऊक." मामा म्हणाले, "तुमी त्यांचं दोस्त. तुमीच बंद करा." मी बटण दाबलं. दिवा गेला. इतका वेळ जी बारीक घूं ऐकू येत होती, ती थांबल्यावरच ती येत होती हे कळलं.

मामांना मी घरी जायला सांगितलं आणि भट्टीजवळ खुर्ची ओढून बसलो. पत्रा चांगलाच तापलेला होता. मग हात ठेवता येईल इतका झाला. त्या खोलीत त्याच्या हातचं एवढंच काय ते उरलं होतं, आणि तेही जात होतं. बाहेर मैदानावरची पोरं घरी गेली, खिडकीतला उजेड पिवळा होत होत गेला. मी हात काढला नाही. पत्रा आणि माझा तळवा, दोन्ही सारखे लागायला लागले, तेव्हा उठलो.

नळी आता माझ्याकडे साताऱ्यात आहे, कपाटात, रुईच्या कापसात गुंडाळलेली. आत पेरभर लांबीचा काळसर चकाकता तुकडा. त्यात त्यानं काय आणि किती मोजून टाकलं होतं, कोण जाणे. कुणा जाणकाराला दाखवा, असं दोघातिघांनी सुचवलं. दाखवीनही. पण त्यासाठी आधी काच फोडावी लागेल... शनिवारी कोल्हापूरला जाऊन त्यानं जिच्यातल्या हवेचा शेवटचा कण काढून तोंड बंद करून आणलं, ती जागा अजून तशीच, त्यानं ठेवली तशी, रिकामी आहे.